नाव ठेवण्याआधी कोणाला विचारलं?

‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘नताल’ म्हणजे ख्रिस्तजन्माचा दिवस. गोवा, वसई, साष्टी या पट्ट्यात तो रुळला आणि तिथून होत होत आपल्या इंदूरच्या मराठी घरांपर्यंत पोचला. कॉलेजात हिंदीत बोलताना आपण सगळे ‘क्रिसमस’ म्हणतो, पण मराठीत बोलायला लागलो की ‘नाताळची सुट्टी’ आपोआप तोंडात येते. तो परका शब्द आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हाच शब्द त्याच खलाशांनी आणखी एका ठिकाणी वापरला. ८ जुलै १४९७ ला लिस्बनहून निघालेली वास्को द गामाची जहाजं त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याच्या कडेकडेने चालली होती. किनाऱ्यावर माणसं राहत होती, गुरं होती, गावं होती. त्यांना कोणी काही विचारलं नाही. दिवस नाताळचा, म्हणून किनाऱ्याचं नाव नाताळ, झालं! पुढे तेच नाव अख्ख्या प्रांताला लागलं. गांधीजींनी १८९४ मध्ये ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ काढली, ती याच प्रांतात. १९९४ पासून प्रांताचं नाव क्वाझुलू-नाताळ आहे. झुलूंचं नाव आता आधी येतं, नाताळ नंतर.

एकच शब्द, एकच माणसं. आपल्याकडे तो एका सणाचं नाव झाला, तिकडे भूमीचं. असं का व्हावं, हे मला या लेखात मांडायचं आहे.

आपल्या मंडळात नावांचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एका पार्टीचं म्हणणं, परक्यांनी दिलेली सगळी नावं पुसा. दुसरीचं म्हणणं, नावात काय आहे, जाऊ द्या ना भिया. मला दोन्ही पटत नाहीत. परक्यांनी दिलेली सगळी नावं एका जातीची नाहीत. काही नावं विचारून घेतलेली आहेत, काही न विचारता ठेवलेली आहेत. आणि युरोपीय दर्यावर्द्यांनी कुठे विचारलं आणि कुठे नाही, याचा हिशोब मांडला तर एक गोष्ट उघड दिसते. जिथे त्यांना माणसांकडून काही हवं होतं, म्हणजे वाट हवी होती, माल हवा होता, सारा हवा होता, तिथे त्यांनी जुनं नाव घेतलं, मग ते कितीही वेडंवाकडं का उच्चारेनात. जिथे फक्त जमीन हवी होती, तिथे स्वतःच्या पंचांगातलं नाव काढून चिकटवलं.

कोलंबसापासूनच बघा. १२ ऑक्टोबर १४९२ ला तो ज्या बेटाला लागला, त्याला तिथले लोक ग्वानाहानी म्हणत. हे आपल्याला कसं कळलं? कोलंबसानेच लिहून ठेवलं म्हणून. म्हणजे नाव त्याच्या कानावर पडलं होतं, त्याने ते कागदावरही उतरवलं, आणि तरी बेटाचं नाव ठेवलं सान साल्वादोर, म्हणजे ‘पवित्र तारणहार’. मग दुसऱ्या बेटाला मरियेचं नाव. तिसऱ्याला राजा फर्नांदोचं, चौथ्याला राणी इसाबेलाचं, पाचव्याला राजपुत्र हुआनचं. आधी देव, मग देवाची आई, मग राजा, राणी, युवराज. दरबारात मानाचे विडे वाटावेत तशी बेटं वाटली आहेत. त्या यादीत बेटावरच्या एकाही माणसाला जागा नाही. (युवराजाच्या वाट्याला आलेलं बेट मात्र त्याच्या नावाने टिकलं नाही. लोक त्याला क्युबाच म्हणत राहिले आणि जगही आज क्युबाच म्हणतं.)

ही पंचांगाची पद्धत पुढे इतकी चालली की नकाशा आहे का चर्चचं कॅलेंडर, असा प्रश्न पडावा. १ जानेवारी १५०२ ला एका आखातात शिरले म्हणून ‘जानेवारीची नदी’, रिओ द जानेरो. तिथे नदी नाही, हे नंतर. ५ एप्रिल १७२२ ला डच खलाशी रोखेवेन एका बेटाला पोचला, रविवार ईस्टरचा होता, म्हणून ईस्टर बेट. बेटावर प्रचंड दगडी पुतळे उभे केलेले लोक राहत होते, त्यांची भाषा होती, पण ओळख कुठली, तर पाहुणा कुठल्या वारी आला ती! आपल्या घरी कोणी बुधवारी आलं आणि आपलंच नाव ‘बुधवार’ ठेवून गेलं, तर कसं वाटेल?

एक सांगितलं पाहिजे. आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे, आणि संतांच्या नावांवर मी बोलतोय म्हणून कोणी धर्मावर बोट ठेवतोय असं समजू नये. श्रद्धेचा माणूस नव्या जागी पोचला, जीव वाचला, तर आपल्या देवाचं नाव घेणारच. आपले लोक नवं घर बांधलं की ‘गुरुकृपा’ लिहितातच की. फरक इतकाच की ‘गुरुकृपा’ आपण आपल्या घरावर लिहितो.

आणि देवाचं नावही पैशापुढे टिकलं नाही, हेही तिथेच दिसतं. १५०० साली काब्राल ज्या भूमीला पोचला तिला त्याने ‘खऱ्या क्रुसाचं बेट’ असं नाव दिलं, मग ते ‘पवित्र क्रुसाची भूमी’ झालं. पण तिथून लाल रंग देणारं एक लाकूड युरोपात यायला लागलं. तसल्याच लाकडाला, जे आशियातून जायचं आणि ज्याला आपण मराठीत पतंग म्हणतो, युरोपात आधीपासून ‘ब्राझील’ म्हणत. झालं, भूमीचं नाव ब्राझील. जुआंव द बारोस नावाचा पोर्तुगीज बखरकार यावर फार चिडला होता. क्रुसाचं नाव जाऊन कापड रंगवायच्या लाकडाचं नाव यावं, यात त्याला सैतानाचा हात दिसला. मला तर व्यापाऱ्याचा दिसतो.

आता हीच माणसं आपल्या समुद्रात आल्यावर काय करतात ते बघा. वास्को द गामाला वाटेत जानेवारी १४९८ मध्ये एका ठिकाणी लोकांनी चांगलं वागवलं, पाणी दिलं, तर त्याने त्या जागेला ‘चांगल्या माणसांची भूमी’ म्हटलं. कौतुकाचं नाव, पण तेही न विचारता ठेवलेलं. पुढे मालिंदीला तिथल्या राजाने हा समुद्र पाठ असलेला वाटाड्या दिला, आणि त्याच्या भरवशावर जहाजं मे महिन्यात कालिकतच्या किनाऱ्याला लागली. पहिला माणूस उतरवला, तर त्याला समोर कोण भेटावं? ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी, ज्यांना स्पेनची भाषा येत होती! त्यांनी त्याला त्याच भाषेत, जरा कडक शब्दांत, इथे कशाला आलात असं विचारलं. या जागी कोण कुठलं नवं नाव ठेवणार? जिथे किनाऱ्यावरचा माणूस तुमच्याच भाषेत तुम्हाला उलट प्रश्न विचारतो, तिथे ‘शोध लागला’ म्हणणंच अवघड. कालिकत कालिकतच राहिलं, फार तर त्यांच्या जिभेवर ‘कालेकूत’ झालं.

पण तीच जहाजं परतताना मालपेच्या समोर लहान लहान ओस बेटांपाशी थांबली, तर तिथे लगेच दगडी स्तंभ उभारला आणि त्याला मरियेचं नाव दिलं. ती आज सेंट मेरीची बेटं. एकाच किनाऱ्यावर, काही महिन्यांच्या अंतराने, दोन वेगळ्या रीती. बाजार आहे तिथे बाजाराचं नाव, माणूस नाही तिथे मरियेचं.

कोंकणात आणि गोव्यात तर हे अगदी ठळक दिसतं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई मिळवली. दोनशे वर्षं आणि गोव्यात तर साडेचारशे वर्षं राज्य केलं. इतक्या काळात त्यांना सगळ्या गावांना संतांची नावं देता आली नसती का? पण त्यांच्या कागदांत काय आहे, तर बासाईं म्हणजे वसई, ताना म्हणजे ठाणं, शौल म्हणजे चौल, साल्सेत म्हणजे साष्टी, बार्देश म्हणजे बारदेश. साष्टी हे नावच सहासष्ट गावांचं, बारदेश बारा देशांचं. म्हणजे इथल्या लोकांनी गावं मोजून ठेवलेली, आणि ती मोजणी पोर्तुगीजांनी जशीच्या तशी उचलली. गोव्याच्या मधल्या भागाला ते ‘इल्हास’, नुसतं ‘बेटं’ म्हणत. लोक तीस वस्त्यांची म्हणून तिसवाडी म्हणत. आज तालुका कुठला? तिसवाडी.

यामागे प्रेम नव्हतं. सारा होता. १५२६ मध्ये गोव्यातल्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज, त्यांच्या जमिनी, त्यांचं देणं हे सगळं पोर्तुगीज सरकारने लिहून घेतलं. १५५४ मध्ये सिमांव बोतेल्यु या अधिकाऱ्याने वसई प्रांतासकट सगळ्या मुलखाच्या उत्पन्नाची मोठी वही केली. अशी वही करायची तर कुळाला विचारावं लागतं, बाबा तुझं गाव कुठलं, भात किती, नारळ किती. आणि कूळ जे नाव सांगतं तेच वहीत जातं, कारण उद्या वसुलीला माणूस पाठवायचा आहे. ‘संत अमक्याचं गाव कुठे’ असं विचारत तो फिरला तर संध्याकाळपर्यंत रिकामा परत येईल!

पण याच वसईत दुसरी एक गोष्ट घडली, आणि ती मला जास्त बोचते. गावं निर्मळ, गास, गिरीज, नंदाखाल, उमराळे हीच राहिली. गावातली माणसं मात्र परेरा, लोपीस, डिमेलो झाली. जमिनीचं नाव वसुलीच्या वहीने वाचवलं. माणसांचं नाव लिहिणारी वही दुसरी होती, ती देवळातल्या बाप्तिस्म्याची, आणि तिला जुन्या नावाची गरज नव्हती. आज त्या घरांतले लोक अभिमानाने परेरा आणि लोपीस आहेत, अस्सल मराठी बोलतात, मराठी साहित्यात त्यांचं काम मोठं आहे, ते नाव आता त्यांचंच आहे. तेव्हा ‘परत करा’ असं मी म्हणणार नाही. मला फक्त हे दाखवायचं आहे की कोणाचं नाव जपलं जातं हे त्याच्याकडे काय मागायचं आहे यावर ठरत होतं.

घारापुरीचं उदाहरण कोणीतरी माझ्या तोंडावर मारेल म्हणून आधीच सांगतो. तिथे लोक राहत होते, नाव होतं, आणि तरी पोर्तुगीजांनी किनाऱ्यावरचा दगडी हत्ती बघून ‘हत्तीचं बेट’, एलिफंटा, केलं. हो, केलं. कारण ते बेट त्यांच्यासाठी बंदर नव्हतं, जाता-येता जहाजावरून दिसणारी खूण होती. पण त्यांच्यातलाच एक माणूस वेगळा निघाला. गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य. याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं, इथल्या औषधी झाडपाल्यावरचं. हा माणूस हकिमांना, वैद्यांना, व्यापाऱ्यांना विचारत फिरायचा, कारण औषधाचं नाव चुकलं तर रोगी मरतो. त्याने एलिफंटाबद्दल लिहिताना नीट नोंद केली आहे की या बेटाला ‘पोरी’ म्हणतात, हत्तीचं बेट हे आम्ही म्हणतो. ‘पोरी’ म्हणजे आपली पुरी, घारापुरीतली. एवढंसं वाक्य, पण त्यात ‘ते म्हणतात’ आणि ‘आम्ही म्हणतो’ असे दोन रकाने आहेत. कोलंबसाने दुसरा रकाना वापरला आणि पहिला मागे टाकला. ओर्ताने दोन्ही ठेवले.

तो हत्ती १८१४ मध्ये कोसळला. तुकडे झाले, नंतर मुंबईत आणून जोडला, आता तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणजे एलिफंटावर ज्याच्यामुळे नाव पडलं तो हत्तीच नाही. घारापुरीवर घारापुरीचे लोक अजून आहेत.

मुंबईबद्दल तर काय बोलावं! ‘बॉम्बे’ म्हणजे पोर्तुगीजांचं ‘बॉम बाहिया’, सुंदर आखात, असं आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या क्विझमध्ये लिहून एक मार्क मिळवलेला आहे. ते खरं नाही. पोर्तुगीजमध्ये आखात हा शब्द स्त्रीलिंगी, त्याला ‘बॉम’ लागत नाही, ‘बोआ’ लागतं. आणि पोर्तुगीज स्वतः लिहीत बोंबाईं. त्यांच्या सोळाव्या शतकातल्या सुरुवातीच्या कागदांत तर ‘मायांबू’, ‘मोंबाईं’ असे म-कारी अवतार आहेत. ते मुंबाईच ऐकत होते. ऐकताना म चा ब झाला, शेवटी नाकातला सूर लागला. १९९५ मध्ये आपण नाव ‘मुंबई’ केलं ते मला योग्य वाटतं, घरातले लोक जे म्हणतात ते पाटीवर असावं. पण ‘बॉम्बे’ हे आपल्यावर लादलेलं नाव होतं, असं म्हणताना मी थांबतो. ते आपलंच नाव होतं, परक्याच्या तोंडून आलेलं. सान साल्वादोरच्या शेजारी त्याला बसवणं म्हणजे उच्चार चुकणाऱ्या पाहुण्याला आणि घर बळकावणाऱ्याला एकाच कोठडीत घालण्यासारखं आहे.

आणि उच्चार कोणाचा चुकत नाही? पोर्तुगीज भाषेत इंग्लंडच्या माणसाला ‘इंग्लेश’ म्हणत, त्याचं आपण केलं इंग्रज. हॉलंडच्या माणसाला ते ‘ओलांदेश’ म्हणत, आपण केलं वलंदेज. डेन्मार्कवाल्यांचं आपल्या जुन्या कागदांत डिंगमार झालेलं आहे. बिचाऱ्या डेन्मार्कने याबद्दल कधी तक्रार केलेली ऐकली नाही. शेवटी कंटाळून सगळ्यांना मिळून ‘टोपीकर’ म्हटलं, म्हणजे डोक्यावर काय आहे ते बघून नाव, हुबेहूब हत्तीच्या बेटासारखं. जीभ सगळ्यांची अशीच असते.

न विचारता ठेवलेल्या नावाला मात्र विचित्र आयुष्य मिळतं. ८ डिसेंबर २०११ ला आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने २१९ रन ठोकले ते कोणाविरुद्ध? वेस्ट इंडीज. पश्चिमेकडचा हिंदुस्थान! पाचशे वर्षांपूर्वी एक माणूस हिंदुस्थानला पोचलो असं समजून भलत्याच बेटांवर उतरला, आणि त्या समजुतीचं नाव छातीवर लावून एक टीम खऱ्या हिंदुस्थानात इंदूरला येऊन खेळून जाते. तिकडच्या मूळ लोकांना तर आपणही मराठी पुस्तकांतून ‘रेड इंडियन’ म्हणत आलो. खरे इंडियन आपण, आणि त्यांना इंडियन म्हणायला आपल्यालाच काही वाटलं नाही.

याच गोंधळाचं दुसरं टोक मराठीत आहे. मुंबई, साष्टी, वसईकडच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षं झाली तेव्हा, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोव्याहून नोकरीला येणारे लोकही नावाने परेरा-डिसोझा, मग साहेबाला कळावं कसं की आम्ही इथले, कंपनीच्या वेळचे? म्हणून कंपनीचंच नाव. आपल्याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना ‘आम्ही इथले’ हे सांगायला इंग्रजी शब्द लागला, यात मला थोडं दुःख वाटतं. पण ते नाव त्यांनी स्वतः निवडलं, आणि आजही ते त्याला धरून आहेत. मग त्याला परकं म्हणायचा अधिकार कोणाला आहे? मला तरी नाही.

आता घरचं बघू. आपण इंदूरचे मराठी लोकही इथे बाहेरूनच आलो. अठराव्या शतकात मराठे माळव्यात आले तेव्हा इथे गावं होती, माळवी बोलणारे लोक होते. एक गोष्ट मला आवडते. युरोपातला माणूस स्वतःचं नाव भूमीला लावायचा, मराठी माणूस भूमीचं नाव स्वतःला लावतो. होळ गावचे ते होळकर. पाचशे-सहाशे किलोमीटर लांब येऊन राज्य केलं, पण नावात गाव तेच. मात्र फार कॉलर ताठ करू नये. मल्हारगंज, तुकोगंज ही नावं कोणाची? राजांचीच. वसई १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकली तेव्हा मराठ्यांनी तिचंही बाजीपूर करून पाहिलं, बाजीरावांच्या नावाने. ते कोणाच्या तोंडी बसलं नाही, इतकंच. १८०२ मध्ये शेवटच्या बाजीरावाने तह केला तो वसईचाच तह म्हणून आपण परीक्षेत लिहितो.

पण शहराचं नाव होळकरांनी बदललं नाही. इंद्रेश्वराच्या देवळावरून पडलेलं जुनं नाव त्यांनी घेतलं, मराठी जिभेवर ते इंदूर झालं, हिंदीत इंदौर, इंग्रजांनी इंडोर केलं. २०१७ मध्ये शहराचं नाव सरकारी कागदांतही ‘इंदूर’ करावं अशी मागणी महापालिकेत निघाली होती. माझं मत विचाराल तर, नको. इंदूर आपलं आहे, ते आपल्या घरात, या मासिकात, आपल्या पत्रांत राहू दे. पण इथल्या बहुतेक लोकांच्या तोंडी इंदौर आहे, आणि त्यांना न विचारता त्यांच्या पाटीवर आपला उच्चार लावला तर आपण कोणत्या रकान्यात जाऊ? जूनी इंदौरमधला ‘जूनी’ मराठी की माळवी, यावर दोन्हीकडचे लोक हक्क सांगू शकतात, आणि तेच छान आहे.

महूची गंमत वेगळी. १८१८ च्या मंदसौर तहानंतर इंग्रजांनी तिथे छावणी वसवली. इंग्रजी स्पेलिंग जरा चमत्कारिक, म्हणून कोणीतरी पुडी सोडली की ही ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ची आद्याक्षरं आहेत. आजही ती व्हॉट्सॲपवर फिरते. अहो, तिथे मऊ नावाचं गाव होतं, इंग्रजांनी त्याचंच स्पेलिंग केलं. साहेबाने गावाला विचारून नाव घेतलं, आणि आपण ते साहेबाच्या नावावर करून टाकलं! गाव होतं, हेच विसरलो. २००३ मध्ये महूचं डॉ. आंबेडकर नगर झालं. बाबासाहेब तिथे १४ एप्रिल १८९१ ला जन्मले. हे नाव मला पंचांगातून काढलेल्या नावांच्या रांगेत बसवता येत नाही, कारण तो माणूस त्या मातीत जन्मलेला आहे आणि ते नाव लाखो लोकांना हवं आहे. लोक बोलताना महू म्हणतात, पाटी आंबेडकर नगर सांगते. ओर्तासारखे दोन रकाने असले तर बिघडलं कुठे?

मला खरी भीती दुसऱ्या नावांची वाटते. बायपासकडे एक चक्कर मारा. कुठली तरी ‘व्हॅली’, कुठली तरी ‘काउंटी’, कुठलं तरी ‘हाइट्स’. दरी नाही, उंची नाही, काउंटी म्हणजे काय हे विचारलं तर गेटवरचा गार्डही हसतो. त्या गेटच्या आत काल-परवापर्यंत निपानिया होतं, कनाडिया होतं, बिचोली मर्दाना आणि बिचोली हप्सी होतं. शेतं होती, विहिरी होत्या, प्रत्येक शेताला वेगळं नाव होतं. घर घेणाऱ्याला जमीन हवी असते, गावाकडून काही नको असतं. मग कोलंबसाचीच रीत. आणि गंमत अशी की रजिस्ट्रीच्या कागदावर, पटवाऱ्याच्या खसऱ्यात, अजून ‘ग्राम निपानिया’च लिहावं लागतं. पाचशे वर्षांपूर्वी वसईची गावं सरकारी वहीने वाचवली, तसंच.

पण खसऱ्यात गावाचं नाव राहतं, शेताचं, ओढ्याचं, पिंपळाखालच्या जागेचं राहत नाही. ती नावं माणसांच्या तोंडात आहेत आणि ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. म्हणून मंडळाकडे माझी एक मागणी आहे. पुढच्या अंकाची चार पानं या नावांना द्या. आपल्यातले कितीतरी जण रोज या गावांमधून कॉलेजात येतात. प्रत्येकाने आपल्या आजीला, शेजारच्या माळवी काकांना, दूधवाल्याला विचारावं की कॉलनी व्हायच्या आधी इथे काय म्हणायचे. माळवीत सांगितलं तर माळवीतच लिहावं, शुद्ध करत बसू नये. तेजपूर गडबडीपासून सुरुवात करू. ती ‘गडबडी’ कसली, हे सांगणारं त्या भागातलं कोणी आपल्या मंडळात आहे का?